निरोगी बायकांची यादी

लॅब तळघरात होती. तळघराच्या डाव्या अंगाला रक्त तपासायचे आणि उजव्या अंगाला तयार कपड्यांच्या घड्या घालून खोक्यांत भरायचे. डावं अंग सरांचं, उजवं सरांच्या मेहुण्यांचं. मधल्या बोळात दोघांत मिळून एक संडास, आणि त्या संडासाच्या छतातून वरच्या मजल्यांचा एक जाड पाइप गेलेला. पाइपला सारखा घाम फुटायचा आणि तो थेंब थेंब गळायचा. थेंब कशाचा, हे कुणी कुणाला विचारायचं नाही असं काही ठरलं नव्हतं, पण नियम सगळ्या पाळायच्या. आत जाताना डोक्यावर फाइल धरायची, एवढंच.

दोन्ही अंगं मिळून एकशे बत्तीस बायका. उजाडता उजाडता आत शिरायच्या, दिवस मावळला की बाहेर यायच्या. सूर्याबद्दल त्यांचं मत चांगलं होतं, पण ते ऐकीव होतं. भिंतींना ओल आणि ओलीवर पांढरी, केसाळ बुरशी. रक्त काढणाऱ्या बाईला सगळे सुई म्हणायचे, आणि सुई त्या बुरशीला मावशी म्हणायची. "मावशी परवापेक्षा बोटभर पसरल्यात गं, खाणंपिणं मानवतंय," असं ती कापसाचे बोळे मोजता मोजता सांगायची.

इथं कामाला असलेल्या दोघी बहिणींतली धाकटी व्हिटॅमिन डीच्या यंत्रावर बसायची. रक्ताच्या नळ्या गरगर फिरवायच्या, वर तरंगणारं पिवळं पाणी यंत्राला पाजायचं आणि आकडा येण्याची वाट बघायची. काही नळ्यांतलं पाणी शिळ्या तेलासारखं गढूळ असायचं, काहींत शेंबडासारखी तार धरायची. ती तार काडीनं गुंडाळून काढताना धाकटी मनातल्या मनात पाढे म्हणायची. सतराचा पाढा चांगला, त्यात डोकं गुंतून राहतं.

तळघरात मोबाइलला रेंज नव्हती. रेंज फक्त रिपोर्टवर असायची. बाईचा आकडा, त्याच्या शेजारी नॉर्मल रेंज, तीस ते शंभर. आकडा रेंजमध्ये बसला तर काळ्या शाईत छापला जायचा. नाही बसला तर लाल. आणि खाली सरांची सही आपोआप उमटायची, सर झोपलेले असले तरी.

भानगड अशी की सगळंच लाल येत होतं. वीस ते पंचेचाळीस वयाच्या शंभर बायका तपासल्या तर शहाण्णव लाल. बाहेरचे डॉक्टर फोन करून सरांना विचारायला लागले, यंत्र बिघडलंय का तुमचं?

सर खाली आले. सर एरवी गच्चीवरच्या काचेच्या केबिनमध्ये बसायचे आणि खाली आले की रुमाल नाकाला लावूनच यायचे. त्यांना एक खोड होती. कागद उलटायच्या आधी अंगठा जिभेवर फिरवायचे. त्याच ओल्या अंगठ्यानं ते रिपोर्ट हातात द्यायचे, आणि बायका तो कोपरा सोडून धरायच्या. त्या दिवशी वरून उकडलेलं अंडं खात खातच आले होते. पिवळ्याचा एक कण मिशीत अडकला होता आणि बोलताना वरखाली होत होता.

"शंभरातल्या शहाण्णव बायका आजारी?" सर म्हणाले. "मग कामं कोण करतंय?"

"त्याच करतात, सर," धाकटी म्हणाली.

"म्हणजे आजारी नाहीत. आजारी माणूस काम करतो का?" अंगठा जिभेवर गेला, नियमांची पुस्तिका उलटली गेली. "हे बघ. लॅबनं आपल्या भागातल्या एकशे वीस निरोगी व्यक्तींचं रक्त तपासून आपली स्वतःची रेंज ठरवावी. आपण परक्या लोकांची रेंज वापरतोय. इथंच चुकतंय."

"एकशे वीस निरोगी बायका आणायच्या कुठून?"

"आणायच्या कशाला? आहेत की." सरांनी रुमालाच्या हातानं बोळाच्या दोन्ही बाजू दाखवल्या. "वर्षभरात आजारपणाची एकही रजा न घेतलेल्या. हजेरीपट काढ. वय वीस ते पंचेचाळीस. म्हणजे ज्यांचं अजून… ते… चालू आहे अशा."

"काय चालू आहे, सर? दुकान?" सुईनं अतिशय गंभीर चेहऱ्यानं विचारलं.

सर रुमालात खोकले आणि जिना चढून गेले.

यादी तासाभरात झाली. पाळी चालू असलेल्यांची, चुकलेल्यांची, नुकतीच थांबलेल्यांची वर्गवारी सुईनं तोंडी विचारून केली, मोठ्या आवाजात, खोक्यांवरून ओरडून. एकशे वीस नावं बरोब्बर भरली. एक्केचाळिसावं नाव धाकटीच्या सख्ख्या बहिणीचं होतं.

थोरली घड्यांच्या अंगाला होती. वय अडतीस. दोन वर्षांपासून तिच्या मांड्या दुखायच्या. सांध्यात नाही, मधोमध, हाडाच्या आत, कुणी ओलं फडकं पिळावं तसं. जिना चढताना कठड्याला धरून स्वतःला वर ओढायची. रजा तिनं एकही घेतली नव्हती, कारण रजेच्या दिवशी घरी सासूबाई असायच्या, आणि सून घरी आहे म्हटलं की त्यांना घरातल्या सगळ्या गाद्या उन्हात घालायची आठवण व्हायची. कामावर निदान बसायला स्टूल होतं.

"ताई, तू निरोगी आहेस," धाकटीनं डब्याच्या सुट्टीत सांगितलं.

"कोण म्हणतं?"

"हजेरीपट."

थोरली हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, "रिपोर्ट मिळेल ना पण? छापलेला?"

तिला तो छापलेलाच हवा होता. तिचा नवरा, म्हणजे दाजी, पाण्याचे मीटर वाचायचा. दारोदार जाऊन आकडे टिपून आणायचे, हे त्याचं आयुष्यभराचं काम. माणूस तोंडानं काय सांगतो याच्याशी त्याला देणंघेणं नसायचं. "नळाला पाणीच येत नाही" असं कुणी रडून सांगितलं तरी हा मीटर बघून म्हणायचा, "येतंय की." बायकोच्या मांड्यांचंही तेच. सासूबाई नखरे म्हणायच्या, तो नखरेही म्हणत नसे. तो म्हणायचा, "रिपोर्ट आण. लाल असेल तर मी मानतो. मग आईलाही सांगतो, औषधही आणतो." आणि पुन्हा पाय पसरून बसायचा.

रक्त काढायच्या दिवशी थोरली रांगेत पुढं घुसली. सुईला शीर सापडेना. "कुठं लपवून ठेवलीस गं, माहेरी?" असं म्हणत तिनं तीनदा टोचलं. थोरली नळी भरताना बघत होती.

दुपारी यंत्रानं आकडा दिला. सात पूर्णांक दोन. पडद्यावर लाल, शेजारी ठळक अक्षरात तीव्र कमतरता. धाकटीला इतका आनंद झाला की तिनं टाळी वाजवली. सख्ख्या बहिणीच्या हाडांचा भुगा होतोय हे वाचून आपण टाळी वाजवली, हे तिच्या नंतर लक्षात आलं आणि तोंड आंबट झालं.

पण रिपोर्ट छापायचे नव्हते. सरांचा हुकूम होता, आधी रेंज ठरू दे. एकशे वीस आकडे वर गच्चीवर गेले. सर्वांत वरचे तीन आणि सर्वांत खालचे तीन सरांनी काढून टाकले, आणि उरलेल्या बायकांच्या दोन टोकांमधल्या आकड्यांना नॉर्मल म्हणायचं ठरलं. चार ते तेरा. सरांनी ते यंत्रात भरायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी लॅबमधून लाल रंग जवळजवळ नाहीसा झाला. शहरभरच्या बायका एका रात्रीत बऱ्या झाल्या. बाहेरच्या डॉक्टरांनी फोन करून सरांचं अभिनंदन केलं.

"हे चूक आहे, सर," धाकटी गच्चीवर जाऊन म्हणाली. गच्चीवर ऊन होतं. तिला डोळे उघडता येईनात, त्यामुळे हे वाक्य ती एका कुंडीला उद्देशून बोलली.

"मी इकडे आहे," सर म्हणाले. "चूक काय त्यात? नॉर्मल म्हणजे काय? जे सगळ्यांचं असतं ते."

"सगळ्यांचे पाय दुखतात, सर."

"मग पाय दुखणं नॉर्मल आहे." सरांनी अंगठा चाटला आणि पुढचा कागद उलटला. "ती तुझी बहीण ना? रजा घेतली तिनं कधी?"

"नाही."

"झालं तर."

जिना उतरताना धाकटीच्या लक्षात आलं की ताईच्याच रक्तानं ताईचं रक्त ठीक ठरवलंय. एकशे वीस आजारी बायकांना ओळीनं उभं करायचं, त्यांची सरासरी उंची मोजावी तसं दुखणं मोजायचं, आणि मग प्रत्येकीला सांगायचं, बघा, तुम्ही इतरांइतक्याच आहात. ती संडासात गेली, फाइल डोक्यावर धरायला विसरली आणि एक थेंब मानेवर पडून पाठीतून खाली उतरत गेला. कोमट होता.

थोरलीचा काळा रिपोर्ट घरी पोचला त्या संध्याकाळी धाकटी तिथंच होती. दाजीनं तो मीटरसारखा वाचला, जवळ धरून, ओठ हलवत.

"सात पॉइंट दोन. रेंज चार ते तेरा. मधोमध आहे की गं."

"दाजी, ती रेंज खोटी आहे," धाकटी म्हणाली.

"छापलेली आहे."

"छापते मीच."

"सही आहे खाली. डॉक्टरची." दाजीनं कागद घडी करून थोरलीच्या हातात ठेवला, बक्षीस द्यावं तसा. "अभिनंदन."

आतून सासूबाई ओरडल्या, "काय आलं रे?"

"नॉर्मल!"

"मी सांगत नव्हते? रविवारी गाद्या काढ म्हणावं."

थोरलीनं बहिणीकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तिनं अपराध्यासारखं पाहिलं. "खरंच नखरे करत असेन का गं मी?" तिनं हळूच विचारलं. दोन वर्षांत एकदाही तिला ही शंका आली नव्हती. ती आणायला छापखाना लागला.

त्यानंतर दहा दिवसांनी सरांच्या बायकोनं रक्त तपासून घेतलं.

मॅडम एक्केचाळीस वर्षांच्या. रोज सकाळी पोहायच्या, दुपारी गच्चीवरच्या झाडांना पाणी घालायच्या, गोळ्याही नेमानं घ्यायच्या. कांती मधासारखी. वार्षिक तपासणीची त्यांची नळी इतर नळ्यांत मिसळून आली, यंत्रानं ती भेदभाव न करता प्यायली आणि आकडा दिला, चव्वेचाळीस. रेंज चार ते तेरा, म्हणजे तिपटीच्याही वर. पडद्यावर लॅबच्या इतिहासात कधी न आलेली ओळ आली, लाल आणि लुकलुकती. विषारी पातळी, त्वरित डॉक्टरांना भेटा.

धाकटीनं तो रिपोर्ट छापला. छापणं तिचं कामच होतं. खाली सरांची सही उमटली.

मॅडमनी डॉक्टरला भेटायची वाटही बघितली नाही. दुपारी त्या डोक्यावरून जाड टॉवेल ओढून, हातमोजे घालून, चष्म्यावर चष्मा लावून जिना उतरल्या आणि घड्यांच्या अंगाला मावशीला पाठ टेकून बसल्या. "इथं ऊन येत नाही ना? नक्की?" त्यांनी थोरलीला विचारलं.

"नाही, मॅडम. दोन वर्षांत तरी आलेलं नाही."

"किती छान," मॅडम म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं. "तुम्ही किती नशीबवान आहात. मला विष झालंय हो, उन्हाचं."

उजव्या अंगाच्या साठ बायकांनी घड्या घालणं थांबवलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. सुई बोळाच्या तोंडाशी येऊन म्हणाली, "मॅडम, थोडं सरकून बसा, तुमच्या केसांत मावशी जातायत." मॅडमनी मागं हात लावला. पांढरी, केसाळ ओल बोटांना चिकटली. त्या किंचाळल्या, पण उठल्या नाहीत. वर सूर्य होता.

सर धावत आले. रुमाल विसरले होते. त्यांनी रिपोर्ट पाहिला, आपली सही पाहिली, बायकोला पाहिलं आणि धाकटीला बोळात ओढून नेलं.

"अगं, चव्वेचाळीस म्हणजे उत्तम आहे! मूर्ख आहेस का? हिला लाल कसं दिलंस?"

"तेराच्या वर आहे, सर."

"ते तुमच्यासाठी!" सर म्हणाले, आणि मग जीभ चावली, पण तोवर ती बोलून झाली होती. आवाज खाली आणून ते कानाशी आले. तोंडाला अंड्याचा वास होता. "जुनी रेंज टाक. तीस ते शंभर. हिचा एक रिपोर्ट काढ, काळा, माझ्या हातात दे. मग परत नवी टाक. दोन मिनिटांचं काम आहे."

"यंत्रात सगळ्यांना एकच रेंज असते, सर. टाकली की सगळ्यांना लागते."

"दोन मिनिटं लागू दे. कुणाचं काय जातंय?"

धाकटीनं सरांकडे नीट पाहिलं. इतके दिवस तिला वाटत होतं, सरांना समजत नाही. न समजणाऱ्या माणसाचा राग येतो, कीवही येते. पण सरांना सगळं समजत होतं. कुठलं हाड कुठल्या रेंजचं, हे त्यांना चोख ठाऊक होतं. तिला एकदम झुरळ चावून खाल्ल्यासारखं झालं. सतराचा पाढा चारपर्यंत गेला आणि थांबला.

तिनं जुनी रेंज टाकली. मॅडमचा रिपोर्ट काढला. चव्वेचाळीस, काळा, नॉर्मल. सर तो हिसकावून घेऊन बायकोकडे पळाले, आणि मॅडमनी वाचून, पुन्हा वाचून, टॉवेल फेकून तिथंच सरांच्या गळ्यात पडून हुंदके दिले. त्यांची समजूत काढून, केस पुसून जिना चढवायला दोन मिनिटांऐवजी बावीस लागली.

बावीस मिनिटांत एकशे वीस कागद छापून होतात. धाकटीला हे आधी माहीत नव्हतं.

शेवटचे कागद येईपर्यंत लाल शाई फिकट पडत गेली. शेवटच्या दहा बायका गुलाबी आल्या. सुई एकेकीचं नाव पुकारत खोक्यांमधून वाटत सुटली. "घे, तीव्र. घे, तीव्र. तू पण तीव्र, लाजतेस कशाला? हिला मात्र मध्यम आलंय, कुठं जाऊन ऊन खाऊन आलीस गं सटवे?" प्रत्येक कागदाच्या खाली सरांची सही होती, वर तारीख आणि वेळ. मॅडमच्या काळ्या कागदावर होती तीच तारीख, आणि वेळ त्याच बावीस मिनिटांतली.

सर परत खाली आले तेव्हा एकशे वीस बायका कागद हातात धरून त्यांच्याकडे बघत होत्या. सरांचा अंगठा सवयीनं जिभेकडे गेला, वाटेत थांबला आणि तसाच हवेत राहिला.

"हे खोटं आहे," ते म्हणाले.

"मग मॅडमचा पण खोटा का, सर?" थोरलीनं विचारलं. "एकाच यंत्रातून निघालाय. परत खाली बोलवायचं का त्यांना?"

सर वर निघून गेले. त्या दिवशी कुणी नवी रेंज परत टाकायला सांगितलं नाही, आणि धाकटीनं आठवण करून दिली नाही.

संध्याकाळी दोघी बहिणी घरी आल्या. जिन्याचे तीन मजले चढायला थोरलीला बराच वेळ लागला. दाजी पाय पसरून बसला होता. थोरलीनं लाल कागद त्याच्या मांडीवर टाकला.

त्यानं जवळ धरून वाचला. ओठ हलले. मग त्याचा चेहरा बदलला. इतका बदलला की धाकटी दचकली. डोळ्यांत पाणी आलं.

"सात पॉइंट दोन," तो म्हणाला. "अगं, तीव्र आहे! तू बोलली का नाहीस?"

थोरली चपला काढत राहिली.

"आई!" दाजी आतल्या खोलीकडे ओरडला, आणि त्याच्या आवाजात काहीसा अभिमानही होता, जसा काही आकडा त्यानंच कमावला होता. "आई, तीव्र आलंय! छापलंय!"

"मागं तर नॉर्मल होतं," आतून आवाज आला.

"आकडा तोच आहे. रेंज बदलली."

"मग गाद्या?"

"गाद्यांचं बघू नंतर!" दाजीनं उठून थोरलीला स्वतःच्या जागेवर बसवलं, पाठीशी उशी दिली, ती काढून दुसरी दिली, पाणी आणलं. "बस. हलू नकोस. दुखतंय का? कुठं दुखतंय?" दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यानं हा प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी कागदाकडे पाहिलं.

थोरली त्याच्याकडे बघत होती. हवं ते सगळं मिळत होतं आणि तिच्या चेहऱ्यावर, दुधात पाल सापडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं ते होतं. पाण्याचा पेला तिनं तोंडाला लावला नाही.

"यावर उपाय काय?" दाजीनं धाकटीला विचारलं.

"औषध. ते डॉक्टर देतील. आणि ऊन. रोज अर्धा तास, दुपारचं."

"असं कागदावर कुठं लिहिलेलं नाही."

धाकटीनं पर्समधून बॉलपेन काढलं. कागद त्याच्या हातातून घेतला, त्याच्या डोळ्यांदेखत गुडघ्यावर धरला आणि सरांच्या सहीच्या वर, जिथं थोडी मोकळी जागा होती तिथं, निळ्या शाईत लिहिलं. दुपारी एक ते दीड उन्हात बसावे. या वेळात कुणीही हाक मारू नये. मग कागद परत दिला.

दाजीनं तो जवळ धरून वाचला. ओठ हलले.

"हां," तो मान डोलावत म्हणाला. "बरं झालं, लिहिलेलं होतं ते. नाहीतर आपल्याला कळलंच नसतं."

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. थोरलीनं उशी काढून बाजूला ठेवली आणि धाकटीपुढं हात केला.

"पेन आण इकडे," ती म्हणाली. "अजून जागा आहे."